मागच्या शटरची किल्ली

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुमच्या त्या ल्युडोच्या कामाबद्दल काहीतरी खुसखुशीत लिहा." मी म्हटलं, ल्युडो नाही. ते म्हणाले, "बरं, सापशिडी म्हणा." मी फोन ठेवला, ओट्याशी उभी राहून गार झालेला चहा संपवला आणि ठरवलं की आता लिहायचंच. बावीस वर्षं मी हे काम करते आहे आणि बावीस वर्षं हेच ऐकते आहे. भिवंडीत तर विचारूच नका. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी खेळ-रचनाकार लिहिलं, तर खिडकीतल्या माणसाने ते खोडून 'गृहिणी' केलं आणि वर मला समजावलं, "मॅडम, कशाला घोळ?" सासूबाई सगळ्यांना सांगतात, ती कंप्युटरचं काहीतरी करते. कंप्युटरचं मी काहीही करत नाही.

तर एकदाच नीट सांगते. मी भूमिकाखेळ तयार करते. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही एका बंद पडलेल्या गिरणीत शिरला आहात आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतंय. बाकीच्यांनी एकेका माणसाची भूमिका घेतलेली असते. कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी पळून आलेली राजकन्या. सूत्रधार विचारतो, "आता तुम्ही काय करता?" खेळाडू म्हणतो, "मी जिना चढतो." जिना मोडेल की टिकेल हे ठरवायला फासा टाकायचा. फाशात जे पडेल ते सगळ्यांनी मानायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, कुणाला घर गाठायचं नसतं.

यात माझं काम काय? मी तिथे नसताना, मला न विचारता, अनोळखी माणसं जी गोष्ट सांगणार आहेत तिची आधी सोय करून ठेवायची. जागा लिहायच्या, माणसं लिहायची, फासा कधी टाकायचा आणि पडलेल्या आकड्याचा अर्थ काय याचे नियम लिहायचे. आणि ते लिहिताना हे मनाशी पक्कं ठेवायचं की खेळाडू यातलं काहीही करणार नाही. तुम्ही आठ दिवस खपून किल्ल्याचे तीन दरवाजे लिहिता आणि खेळाडू म्हणतो, "मी आत जातच नाही. बाहेर बसतो." मग त्याच्यासाठी बाहेरही काहीतरी असावं लागतं. दुसरी गोष्ट, नियमांचं पुस्तक कुणीही वाचत नाही. मी चौसष्ट पानं लिहिते आणि पहिल्या पाचच मिनिटांत मला फोन येतो, "फासा कुणी टाकायचा?" पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत ते लिहिलेलं असतं.

या कामात मी कशी पडले ते थोडक्यात. कॉलेजनंतर मी पॉवरलूमसाठी ग्राफ पेपरवर नक्षी काढायचे. एक चौकोन भरला की एक धागा वर, मोकळा सोडला की खाली. ठाण्यातल्या काही हौशी मुलामुलींना त्यांच्या खेळासाठी चौकोनी कागदावर तळघरांचे नकाशे काढून हवे होते. ते मी काढून दिले. मग त्या तळघरांत कोण राहतं तेही मीच लिहायला लागले. पुढे परदेशातल्या लहान लहान प्रकाशकांसाठी ईमेलवरून कामं केली. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, पण बर्फातले सतरा किल्ले लिहिले आहेत. भर मे महिन्यात, वीज गेलेली, घामाने कागद हाताला चिकटतोय आणि मी लिहिते आहे की वाऱ्याने पहारेकऱ्याच्या मिशा गोठल्या.

इथली कामं नंतर यायला लागली आणि डोकेदुखी तिथून सुरू झाली. कारण इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट हवी असते, आपला माणूस हरता कामा नये. काल्हेरच्या एका शेठने मुलाच्या हळदीसाठी माझ्याकडून खेळ करून घेतला. नवरदेव राजा, पाहुणे सरदार, आणि राज्यावर चालून आलेली एक दरोडेखोरीण. ही भूमिका नवरदेवाच्या आत्याने घेतली. मी शेठना सांगितलं होतं की फासा कुणाचं ऐकत नाही. आत्याबाईंनी मांडी ठोकून फासा टाकला आणि राजाचा मुकुट जिंकला. सगळा मांडव हसतोय, नवरदेव स्वतः हसतोय, आणि शेठ माझ्याजवळ येऊन फासा हातात घेऊन उलटासुलटा करून बघतायत. "यात काय भरलंय का?" म्हणाले. आणि मग, "पुन्हा टाकायला लावा." पुन्हा टाकला. आत्याबाई पुन्हा जिंकल्या. त्या घरून मला आजतागायत दुसरं बोलावणं आलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते मानकोलीच्या कामाबद्दल. ते आठवलं की मला अजून राग येतो, आणि त्यातला निम्मा राग स्वतःचाच असतो.

मानकोली नाक्याच्या पुढे जिथे आता मैलभर गोदामंच गोदामं आहेत, तिथे माझ्या माहेरची भातशेती होती. त्यातल्याच एका मोठ्या गोदामातून फोन आला. बोलणारे होते तिथले सुरक्षा अधिकारी अभ्यंकर. वय तिशीच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द जास्तीचा. आग लागली तर काय करायचं हे कामगारांना शिकवायला त्यांना खेळ हवा होता. "मॅडम, आम्ही भाषणं देऊन थकलो. लोक झोपतात. काहीतरी एंगेजिंग करा. जेवणाच्या सुट्टीनंतर चाळीस मिनिटांत बसेल असं. आणि एक गोष्ट, खेळात कुणी मरायचं नाही."

मी म्हटलं, आगीचा खेळ आहे.

"हो, पण पॉझिटिव्ह ठेवा."

मी गोदाम बघायला गेले. हे माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम. टेप घेऊन हिंडायचं, पावलं मोजायची, कुठून काय दिसतं ते लिहायचं. पुढच्या बाजूला ट्रक लागायची सहा शटरं, मध्ये छतापर्यंत रॅक, डाव्या कोपऱ्यात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या चार्ज करायची जागा, आणि पार मागे, जिथे बायका पार्सलं भरायला बसतात, तिथे एक लहान शटर. वर बाहेर पडायच्या वाटेची हिरवी पाटी, पळणारा माणूस. मी वहीत हिरवा चौकोन काढला आणि पुढे गेले. त्या शटरला मी हात लावला नाही. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिते आहे.

पंधरा दिवसांत खेळ तयार झाला आणि चाचणीचा दिवस ठरला. चाचणी म्हणजे खऱ्या खेळाडूंना बसवून बघायचं की रचना कुठे मोडते. कॅन्टीनमध्ये, दुपारी दोन वाजता, अभ्यंकरांनी मला चार माणसं दिली. त्यातली दोघं मला पुरून उरली. एक फोर्कलिफ्ट चालवणारे मुश्ताकभाई, पन्नाशीचे, आधी वीस वर्षं लूमवर काढलेली. दुसरी जानकी, पार्सलं भरणारी, अकलोलीच्या वरच्या एका पाड्यावरून ठेकेदाराच्या टेम्पोतून रोज येणारी. काटकुळी, पस्तिशीची, बोलायला नाखूश.

मुश्ताकभाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "मैडम, इसमें हम कौन हैं?"

"तुम्ही तुम्हीच. या गोदामातले फोर्कलिफ्टवाले."

"फिर खेल क्या हुआ? वो तो हम रोज करते हैं."

हा प्रश्न बरोबर होता, म्हणून मी घाईने खेळ सुरू केला. चार्जिंगच्या जागी धूर दिसतोय. आता तुम्ही काय करता? मुश्ताकभाई म्हणाले, आधी माझी गाडी बाहेर काढणार. मी म्हटलं, गाडी सोडा, माणसं काढा. ते म्हणाले, गाडीची जिम्मेदारी माझ्यावर आहे, माणसांची तुमच्यावर. त्यांच्याशी माझी दहा मिनिटं हुज्जत झाली. बाकीचे दोघं पुढच्या शटरातून बाहेर पडले. मग जानकीची पाळी आली. ती मागे पार्सलं भरतेय, पुढची वाट धुराने भरलीय.

"जानकी, आता तू काय करतेस?"

ती टेबलावर पसरलेल्या गोदामाच्या नकाशाकडे बघत राहिली.

"मागे दार आहे बघ," मी बोट ठेवलं. "हिरवं."

"त्या दाराकं मी न्हाय जात."

"का?"

"बंद हाय ता."

"खेळात उघडं आहे."

"मंग ह्यो खेल दुसऱ्या गोदामाचा आसल," ती म्हणाली.

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. वैताग आला. वेळ संपायला बारा मिनिटं उरली होती, दारात अभ्यंकर घड्याळ बघत उभे होते आणि ही बाई माझं दार मानायला तयार नव्हती. बावीस वर्षांत असे हजार खेळाडू मी पाहिले आहेत, जे मांडलेली गोष्टच नाकारतात. त्यांना हाताळायची एक ठरलेली पद्धत आहे. आवाज मऊ करायचा आणि रेटायचं. मी आवाज मऊ केला.

"बरं, आपण असं धरू की ते उघडं आहे. चालेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "धरते. तुमी म्हंता म्हून."

तिने फासा टाकला, पाच पडले, ती बाहेर पडली. सगळे वाचले. अभ्यंकरांनी टाळ्या वाजवल्या. मी फासे गोळा करून डब्यात भरले आणि घरी आले.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे चाचणीच्या नोंदी लिहायला बसले आणि जानकीपाशी येऊन अडकले. माझ्या धंद्याचा एकच खरा नियम आहे. खेळाडूने जे सांगितलं ते खरं मानून पुढे जायचं. तो चुकीचा वाटला, गाढव वाटला, तरी त्याने काय पाहिलंय ते आधी विचारायचं. मी कार्यशाळांमधून दुसऱ्यांना हे शिकवते. आणि मी त्या बाईला तिचं गोदाम खोटं ठरवायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यंकरांना न सांगता मागे गेले आणि शटर उचलायचा प्रयत्न केला. ते बोटभर उचललं गेलं आणि बाहेरून साखळी वाजली. मुश्ताकभाई फोर्कलिफ्ट घेऊन जात होते. ते थांबले. "चोरी होती थी, मैडम. दो साल से ताला है." बाहेरच्या बाजूने बघायचं म्हणून मी इमारतीला वळसा घालून गेले. शटरला कुलूप होतंच, शिवाय त्याला टेकून माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटचा माझ्या खांद्याइतका ढीग होता. किल्ली कुणाकडे विचारलं, तर तीन माणसांनी मला तीन वेगळी नावं सांगितली.

मी खेळ बदलला. दार बंद ठेवलं आणि खेळाडूंना किल्ली शोधायला लावली. अभ्यंकरांना पाठवला. तिथून पुढचे तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. त्यांचं उत्तर आलं, 'कुलूप' या शब्दाने निगेटिव्ह मेसेज जातो, त्याऐवजी 'तात्पुरती अडचण' करा. मी फोन करून सांगितलं, अहो, ते दार खरंच बंद आहे. ते म्हणाले, "तो ऑपरेशन्सचा विषय आहे, मॅडम, मी मेल टाकतो." मग आणखी सुधारणा आल्या. 'धूर' नको, 'दृश्यमानता कमी' लिहा. 'आग' सुद्धा कमी करा. शेवटच्या मसुद्यात 'उष्णतेशी निगडित प्रसंग' असा शब्द आला. मी विचारलं, "मग खेळाडूने ओरडायचं काय? पळा, पळा, उष्णतेशी निगडित प्रसंग?" ते गंभीरपणे म्हणाले, "ते तुम्ही बघा. तुम्ही एक्स्पर्ट आहात."

काम सोडून द्यावं असं फार वाटलं. पण मी सोडलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून खरोखरच सापशिडी करून घेतली असती आणि शटर तसंच राहिलं असतं. मग मला सुचलं की नियम कुणीच वाचत नाही. बावीस वर्षं ज्या गोष्टीवर मी कपाळ बडवून घेतलं, तीच आता माझ्या बाजूने होती.

मी त्यांच्या सगळ्या सुधारणा मान्य केल्या. कुलूप काढलं, धूर काढला. फक्त नियमांच्या पुस्तकात पहिला नियम नवा घातला. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूने नकाशावरच्या प्रत्येक दारातून बाहेर जाऊन परत यायचं, बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा चिठ्ठीवर उतरवायचा, आणि ते आकडे म्हणजेच त्याचे पहिले फासे. वाळूचं घड्याळ उलटं केल्यापासून सात मिनिटांत सगळे परत. मुश्ताकभाईंना मी बाहेरच्या भिंतींवर आकडे लिहायला खडू दिला. त्यांनी नियम ऐकला, खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "अब ये हुआ खेल."

अभ्यंकरांचा मेल आला, 'अप्रूव्ह्ड, छान झालंय.' त्यांनी पहिलं पान उघडलंही नव्हतं.

उद्घाटनाला मुख्य कार्यालयातून एक मोठ्या मॅडम आल्या. मी खेळायला बसवलेल्या जानकी, मुश्ताकभाई आणि इतर कामगारांबरोबर त्या स्वतः खेळणार होत्या आणि त्यांना खरोखर उत्साह होता. टेबलाशी बसून त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिला नियम मोठ्याने वाचला. मी त्यांना आयुष्यभर विसरणार नाही. नियम वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. अभ्यंकरांचा चेहरा तेव्हाच उतरायला लागला.

मी वाळूचं घड्याळ उलटं केलं. पुढची सहा शटरं धडाधड झाली. मग मॅडम जानकीला घेऊन मागे निघाल्या आणि आम्ही सगळे त्यांच्या पाठोपाठ. शटरापासून दहा पावलांवर जानकी थांबली. मॅडम पुढे गेल्या, वाकून त्यांनी शटर ओढलं. साखळी वाजली. त्यांनी पुन्हा ओढलं.

"चावी कुणाकडे आहे?"

सुपरवायझर गेटवर पळाला. गेटवरून किल्ल्यांचा झुबका आला, चाळीसेक किल्ल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. एकही लागेना. मग कळलं, ठेकेदाराच्या माणसाकडे आहे. त्याला फोन लावला, तो उचलेना. मी हातात वाळूचं घड्याळ धरून उभी होते. वाळू संपली की मी ते उलटं करत होते, कारण थांबव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. चार वेळा उलटं केलं. शेवटी मुश्ताकभाईंनी छन्नी-हातोडा आणून कुलूप तोडलं, तरी शटर कमरेपर्यंतच उचललं गेलं, कारण बाहेर पॅलेट होते. फटीतून समोरच्या कुंपणभिंतीवरचा खडूचा आकडा दिसत होता.

मॅडमनी वाकून त्या फटीतून बाहेर पाहिलं. मग त्यांनी जानकीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हव."

"कधीपासून?"

"मी हितं आली तवापासून."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

जानकीने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना सांगितलं व्हतं."

मी मान डोलावली. सुपरवायझर बाजूलाच उभा होता, आणि त्याने काय ऐकलं असेल हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी स्वतःवर फार खूश होते. आठवड्याभरात पॅलेट हलले, साखळी गेली, माझ्या खेळाचं कौतुक करणारा मेल आला.

त्याच आठवड्याच्या शेवटी मुश्ताकभाईंचा फोन आला. "मैडम, वो जानकी नहीं आ रही. ठेकेदार बोलता है गाड़ी में जगह नहीं. जगह तो बहुत है."

मी लगेच निघाले. वज्रेश्वरीच्या रस्त्याला गर्दी होती, अकलोलीच्या गरम कुंडांवर आंघोळीला आलेल्या लोकांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या. पाड्यावर जायला तिथून चढ आहे. जानकी घरामागच्या तुकड्यात कापलेलं भात पसरत होती. मला बघून तिने हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं असं होईल.

"मला माहीत व्हतं," ती म्हणाली. "म्हून तर मी गप व्हती."

"मी चांगल्यासाठीच केलं, जानकी."

"दाराचं चांगलं झालं. माझं काम गेलं." तिने पेंढी पसरली, दुसरी उचलली. "तुमी त्या बाईला मुद्दाम थितं नेली ना? खेल म्हून?"

"हो."

"मंग मला आधी का न्हाय इचारलं? मी सांगितली आसती, मला नका बसवू. दुसऱ्या कुनाला बसवा. मुश्ताकभाय पक्का हाय कामाला, त्याला कोन काढल?"

खेळात कोण काय करील याचा विचार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. सुपरवायझर काय करील, ठेकेदार काय करील, हे मला दोन मिनिटांत सुचायला हवं होतं. मी शटरचा विचार केला, अभ्यंकरांचा केला, वाळू किती घालायची याचा केला. जिचं रोजचं काम त्या ठेकेदाराच्या शब्दावर होतं, तिचा केला नाही. मी माफी मागितली. ती "हव" म्हणाली आणि काम करत राहिली.

तिथून मी थेट गोदामात गेले. अभ्यंकर आपल्या लहानशा केबिनमध्ये एकटेच होते. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनीच आधी आवाज चढवला. "मॅडम, तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत. मला आधी सांगितलं असतं तर मी गुपचूप कुलूप काढून घेतलं असतं."

"मी सांगितलं होतं. तुम्ही त्याचं 'तात्पुरती अडचण' केलंत."

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. मग इंग्रजी शब्द न घालता म्हणाले, "त्या ऑपरेशन्सवाल्यांना मी चार मेल टाकले होते. कुणी उघडलेसुद्धा नाहीत." आपण लिहिलेलं कुणी न वाचणं म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायला नको. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मी त्यांना जानकीचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, यादी भरली आहे. अभ्यंकर म्हणाले, "मग मी मुख्य कार्यालयाला लिहितो, की बंद दार ज्या कामगार बाईने लक्षात आणून दिलं तिचं नाव त्याच आठवड्यात यादीतून गेलं. तुमचं नाव कसं लिहायचं तेवढं सांगा, स्पेलिंग चुकायला नको." यादीत एक जागा होती, असं मग निघालं.

हा निरोप घेऊन मीच पुन्हा पाड्यावर गेले. मला वाटलं, जानकी आनंदाने येईल. ती लगेच हो म्हणाली नाही. तिने विचारलं, शटरचं काय केलं? मी सांगितलं, साखळी काढली, पण माल असतो म्हणून काम संपल्यावर आतून कुलूप लावतात, सकाळी काढतात.

"कोन काढतं?"

"सुपरवायझर."

"आन तो नसला तं?"

तिने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

"किल्ली माझ्याकं द्या," ती म्हणाली. "मागं आमी बसतो. सुपरवायझर थितं बसत न्हाय. मी सकालला कुलूप काढीन, माझ्या डब्याजवल ठेवीन, सुटल्यावं लावीन. तसं आसल तं येते."

यावर पुन्हा बारा दिवस गेले. किल्ली ठेवणारा माणूस कायम नोकरीतला असावा असं कुठल्या तरी कागदावर होतं आणि जानकी ठेकेदाराची. मागे एकही कायम नोकरीतला माणूस बसत नाही, हे मी आणि अभ्यंकरांनी मिळून किती जणांना किती वेळा सांगितलं याची मोजदाद नाही. शेवटी तो कागद कुणाचा, हेच कुणाला सापडेना, तेव्हा परवानगी मिळाली.

माझ्या खेळाचं पुढे काय झालं तेही सांगते. आणखी दोन गोदामांनी तो घेतला. एकाने पहिला नियम वेळ खातो म्हणून गाळला आणि गाळल्याचं मला अभिमानाने कळवलं. तेव्हापासून असं काम आलं की मी पुस्तक पाठवून देत नाही, स्वतः जाते. प्रत्येक दार उघडायला लावते आणि जो खेळायला बसणार, त्याच्याशी आधी एकटीने बोलते. यामुळे गिऱ्हाइकं कमी झाली आहेत.

जानकी सोमवारी आली. टेम्पोतून उतरली, पदर खोचला आणि सरळ केबिनमध्ये. अभ्यंकरांनी किल्लीचं रजिस्टर पुढे केलं. ठेकेदाराच्या माणसाने सवयीने अंगठ्यासाठी शाईचा पॅड सरकवला. तिने तो बाजूला केला आणि पेन मागितलं. तिने सही सावकाश केली, एकेक अक्षर सोडून सोडून, आणि ती पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघं उभे राहिलो. मग तिने किल्ली कमरेला बांधली, ती मागे गेली, आणि थोड्या वेळाने शटर वर गेल्याचा आवाज आला.